खदान संपल्यावर डोंगराचं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा नगर नाका सोडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं, की पडेगाव, मिटमिटा मागे पडतं आणि देवगिरीचा सुळका समोर येतो. बघणाऱ्याची नजर वर बारादरीकडे जाते. ती जरा खाली आणावी. डोंगराचा सुमारे दीडशे फुटांचा भाग चहूबाजूंनी ताशून सरळ केलेला आहे आणि त्याच्या पायाशी खडकात खोदलेला खंदक आहे. शत्रूला चढता येऊ नये म्हणून शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी छिन्नी-हातोड्यानं केलेलं हे काम. आज त्या कड्याच्या कपारींत पारवे राहतात, पाकोळ्या फिरतात, फटींतून पिंपळ-उंबर उगवतात. डोंगर कापला गेला, तरी तो मेला नाही.

याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आणि शहराच्या भोवती साताऱ्याच्या, देवळाईच्या, जटवाड्याच्या बाजूला, आजच्या काळात कापलेले डोंगर दिसतात. छावणीच्या पलीकडे तिसगावचा खवड्या डोंगर मुरुमासाठी पोखरला गेला. शहर वाढलं, वाळूजची वसाहत वाढली, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. या सगळ्याला डबर लागला, खडी लागली, मुरूम लागला, वाळूच्या जागी क्रशरची कच लागली. दगड लागणारच. घर बांधणारा, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण त्या डोंगराचा देणेकरी आहे आणि मीही त्यातलाच. म्हणून खदान बंद करा एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्या कंपनीनं दगड नेला, तिनं डोंगराला काय परत द्यायचं? ते तिनं कधी ठरवायचं?

आधी खदानीत जातं काय, ते पाहू. आपला डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण. त्याच्यावर मुरूम, आणि मुरुमावर वीतभर माती. काही ठिकाणी तीही नाही. ड्रिलवाल्याला ही वरची माती म्हणजे अडथळा. पोकलेन लागला की ती पहिल्या दिवशी खरवडून उतारावर लोटली जाते आणि पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. पण डोंगराचा जीव त्या वीतभर थरातच असतो. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचं बी तिथे असतं, पहिल्या सरीला फुटणारे कंद तिथे असतात, मुळांना अन्न मिळवून देणारी बुरशी तिथे असते. एक हेक्टर खदानीवर सहा इंच माती धरली, तर ती दीड हजार घनमीटर भरते, म्हणजे सुमारे ५३० ब्रास. शंभरेक हायवा डंपर भरतील एवढा हा ऐवज. खदानवाला ब्रासचा हिशेब दगडापुरता करतो. मातीचा हिशेब त्याला कोणी विचारत नाही.

आणि या डोंगरावर असतं काय, असं पुष्कळदा विचारलं जातं. सरकारी नोंदीत गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून जमा असतात, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. या उघड्या, खडकाळ, झुडपी माळावर खोकड असतं, तरस असतं, सायाळ आणि घोरपड असते. लांडगा त्यावरून ये-जा करतो. चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात. हिवर, बोर, खैर, सालई, पळस, सीताफळ ही त्याची झाडं, आणि तीही अंतरा-अंतरानं. घनदाट अरण्य हा मराठवाड्याच्या या टेकड्यांचा मूळ स्वभावच नव्हे. हे समजून न घेता केलेली दुरुस्ती डोंगराला दुसऱ्यांदा मारते.

खदानीशी सगळ्यात जवळचं नातं असलेला पक्षी म्हणजे शृंगी घुबड. दीड-दोन फूट उंचीचा, डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे. हे घुबड घरटं बांधत नाही. ओढ्याची उभी दरड, कड्यातली कपार किंवा जुन्या खदानीचा एखादा टप्पा त्याला पुरतो. थोडी सावली आणि समोर मोकळा माळ असला, की उघड्या मातीवर ते दोन ते चार अंडी घालतं. पुण्याचे पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशननं महाराष्ट्रातल्या या घुबडाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे घुबड शेतकऱ्याच्या किती उपयोगाचं आहे, हे त्या कामातून ठसठशीतपणे पुढे आलं, कारण त्याचं मुख्य खाणं उंदीर आणि घुशी. कड्यावर घुबडाची एक जोडी असेल, तर खालच्या ज्वारीच्या रानाला रोजची राखण मिळते. उलट आपल्याकडे त्याला अपशकुनी ठरवून दगड मारतात, आणि नेमकं दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यापायी त्याला पकडणारे हिंडतात. हा लेख ज्यांच्या हातात आहे, त्यांनी आपल्या गावात एवढं एक थांबवलं, तरी मोठं काम होईल.

हे घुबड काम चालू असलेल्या खदानीच्या आसपासही राहू शकतं. युरोपात दगडखाणींच्या कड्यांवर बहिरी ससाणे आणि तिकडची मोठी घुबडं विणीला बसतात, वाळूच्या खाणीत पाकोळ्या वसाहती करतात, आणि खाणकंपन्या विणीच्या काळात तेवढा कडा बाजूला ठेवून दुसरीकडे काम करतात. त्याला फार पैसा लागत नाही. कोणत्या टप्प्यावर पक्षी बसला आहे, हे ठाऊक असणारा एक माणूस लागतो, आणि सुरुंगाचं वेळापत्रक त्याला विचारून ठरवायची तयारी लागते. आपल्याकडे शृंगी घुबडाची वीण साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते. पावसाळा सरल्यावर खदानीही जोरात सुरू होतात. म्हणून हा विचार दसऱ्या-दिवाळीच्या आतच करावा लागतो.

छावणीचा आणि खदानींचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये इथे १३६ इन्फंट्री बटालियन, टेरिटोरियल आर्मी, इको महार ही पलटण उभी राहिली. निवृत्त सैनिकांना पुन्हा गणवेश देऊन मराठवाड्याच्या ओसाड डोंगरांवर झाडं लावायची आणि जगवायची, हे तिचं काम. अशा हरित पलटणींची सुरुवात झाली तीच खदानींमुळे. मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणींनी उतार सोलून काढले होते. ते सावरायला १ डिसेंबर १९८२ रोजी देहरादूनला १२७ इको गढवाल रायफल्स ही पहिली पलटण उभी केली गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दून खोऱ्यातल्या बहुतेक चुनखडीच्या खाणी बंद करायला लावल्या. पुढे दिल्लीच्या दक्षिणेला भाटीच्या सोडलेल्या खाणींतही अशीच एक पलटण उतरली.

दून खोऱ्यातली सहस्रधारेची कथा पाण्याच्या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे. तिथे ६४ हेक्टरच्या खाणग्रस्त पाणलोटावर देहरादूनच्या मृद व जलसंधारण संशोधन संस्थेनं १९८४ पासून काम केलं. आधी नाल्यांत तारेच्या जाळीतले दगडी बांध घातले, मग उतार बांधले, मग गवत आणि झाडं लावली. हेक्टरी वर्षाला ५५० टन गाळ वाहत होता, तो ८ टनांवर आला. पावसाळ्यानंतर ओढा ६० दिवस वाहायचा, तो २४० दिवस वाहू लागला. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला या शेवटच्या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. जटवाड्याच्या डोंगरातून निघून छावणीला वळसा घालत जाणारी आपली खाम नदी अशाच उतारांवर जगते. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून खामचं पात्र साफ करायला घेतलं. लोखंडी पुलाच्या परिसरात काठाचा चेहरा बदललेला दिसतो. एका कारखानदार कंपनीनं नदीला हात लावला, हे चांगलंच झालं. पण वरच्या डोंगराची माती खाली येत राहिली, तर खालचं काम दरवर्षी नव्यानं करावं लागेल.

मात्र सैनिक येऊन दुरुस्त करतात किंवा सरकारी संस्था दुरुस्त करते, तेव्हा ज्यानं खणलं तो मोकळा सुटतो. म्हणून ज्या कंपन्यांनी स्वतः हात घातला, त्यांच्याकडे बघायला हवं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात शिकवणारं काम मला नागपूर जिल्ह्यात सापडतं. सावनेर तालुक्यात गुमगावला ‘मॉईल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडाचे ढिगारे तिथे साचले. त्यात सेंद्रिय अंश नाही, पाणी धरायची ताकद नाही, धातूचं प्रमाण जास्त. तिथे रोपं लावली की मरत. नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपांच्या आधी मातीकडे लक्ष दिलं. साखर कारखान्यातून निघणारी मळी, ज्याला प्रेसमड म्हणतात, ती खड्ड्यांत घातली. मुळांशी सोबत करणारी बुरशी आणि नत्र धरणारे जीवाणू वाढवून रोपांच्या मुळाशी दिले, आणि हे जीवाणू निवडले ते अशाच कठीण जागी तग धरणाऱ्या झाडांच्या मुळांपासून. ढिगाऱ्यांवर साग, शिसव, कडुनिंब अशी झाडं धरली. चंद्रपूरच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही हीच पद्धत वापरली गेली. मराठवाड्यात साखर कारखाने आहेत, मळी आहे, खदानी आहेत. छावणीपासून तासा-दोन तासांच्या अंतरात हे तिन्ही सापडतं. त्यांची गाठ घालून देणारं कोणी नाही, एवढंच.

गोव्यात डिचोली तालुक्यात साखळीला सेसा गोवा कंपनीची जुनी लोहखनिजाची खाण आहे. खनिज संपल्यावर कंपनीनं खड्ड्यांत पाणी साठवून मासे सोडले, उतारांवर काजू आणि बांबू लावला, औषधी वनस्पतींची आणि फुलपाखरांची बाग केली. पहिल्या काळातली लागवड बरीचशी ऑस्ट्रेलियन बाभळीची होती, कारण ती कशावरही उगवते. मागाहून स्थानिक झाडं आली. हे काम पाहण्यासारखं आहे, आणि तरी गोव्याचा खाणींचा इतिहास त्यानं धुऊन निघत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००७ नंतरचं तिथलं खाणकाम बेकायदा ठरवलं आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. एक बाग दाखवून दहा डोंगरांचा हिशेब मिटवता येत नाही. बागेचं कौतुक करताना मी हे मनाशी धरून ठेवतो.

जगभर ज्या कामाचं नाव घेतात, ते केनियातल्या मोंबासाजवळचं. बांबुरी सिमेंट कंपनी १९५४ पासून तिथल्या प्रवाळाच्या खडकातून चुनखडी काढत होती. मागे उरली ती पांढरी, तापलेली, खारट पाणी झिरपणारी खाण. कंपनीचे कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी १९७१ मध्ये तिथे २६ जातींची झाडं लावून पाहिली. त्यांतल्या तीनच तगल्या, आणि त्यात सुरू हे झाड सगळ्यांत चिवट निघालं. पण सुरूच्या सुयांसारख्या पानांचा खच खाली पडून राही, कुजेना. हॅलर यांच्या लक्षात आलं, की लाल पायांची एक वाणी, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात निघते तसली पैसा, हा खच खाते. त्यांनी त्या किड्यांना खाणीत आणून सोडलं. त्यांच्या विष्ठेतून माती तयार होऊ लागली. माती आली तशी दुसरी झाडं आली, मग पक्षी, मग पाणवठे, मासे, हरणं, पाणघोडे. १९८४ मध्ये ती जागा लोकांना खुली झाली आणि आज ती हॅलर पार्क म्हणून ओळखली जाते. त्सुनामीनंतर एकट्या पडलेल्या पाणघोड्याच्या पिल्लानं एका म्हाताऱ्या कासवाशी जीव जोडला, ती गोष्ट याच जागेतली.

या साऱ्यात मला पाणघोड्यापेक्षा तो किडा मोठा वाटतो. हॅलर हे कंपनीचे पगारी माणूस होते, त्यांना वर्षानुवर्षं त्याच एका जागेवर ठेवलं गेलं, आणि तेवीस जातींची झाडं मेली म्हणून कोणी काम थांबवलं नाही. आपल्याकडे वृक्षारोपण पावसाळ्यात एका दिवसात उरकतं. खड्डे, रोपं, फोटो, फलक. पुढच्या मेमध्ये तिथे काय उरलं, हे बघायला कोणी जात नाही. आणि लावली जातात ती ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, गुलमोहर. लवकर हिरवं दिसावं एवढाच हेतू. त्या हिरव्यात चंडोलाला अंडी घालायला जागा नाही, शेळीला चरायला गवत नाही, शृंगी घुबडाला झेपावायला मोकळा माळ नाही.

आणखी एक धोका आहे. नीट न आखता जीवन परतलं, तर त्याची किंमत जवळच्या गरिबांना मोजावी लागते. चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्राच्या परिसरात ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली. तिच्या आडोशाला रानडुकरं आली, डुकरांमागे बिबटे आणि वाघ आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे लागोपाठ दोन जीव गेले, एक कामगार आणि एक किशोरवयीन मुलगा. वाघ खाणीत राहतो हे ऐकायला छान वाटतं. पण रात्रपाळीहून चालत घरी जाणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याला संवर्धन म्हणता येणार नाही.

खदानीत राबणाऱ्या माणसांबद्दलही हेच. दगड फोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजानं केलं. क्रशर आल्यावर हातोड्याचं काम गेलं, धूळ मात्र फुप्फुसांत राहिली. पुण्याजवळ वाघोलीच्या खदानींत बस्तू आणि पल्लवी रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेनं खाणमजुरांच्या मुलांसाठी पाषाण शाळा सुरू केल्या. डोंगर सावरायचा तर दगड कुठून फुटतो, पाणी कुठे झिरपतं, कपार कुठे पक्की आहे, हे या माणसांइतकं कोणाला कळतं? पट्टा संपल्यावर त्यांना रोजगारासकट त्या कामावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्यात याला आधार आहे. २०१२ च्या दीपक कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं. त्याहून कमी बोललं जातं ते ८ जानेवारी २०२० च्या आदेशाबद्दल. त्यात न्यायालयानं म्हटलं, की खाणकाम संपल्यावर पट्टेदारानं ती जमीन पुन्हा गवताखाली आणावी, चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्यासाठी योग्य करावी, आणि ही अट पट्ट्यातच असावी. न्यायालयानं गवत म्हटलं, ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावेत, हा नियम खडी क्रशरवाल्यांपैकी बहुतेकांना लागूच होत नाही, कारण त्यासाठी पाच कोटींचा निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचं नक्त मूल्य लागतं. तेव्हा भिस्त पट्ट्याच्या अटीवरच. ती अट बघायची ती जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यानं, तहसीलदारानं आणि गावच्या ग्रामसभेनं. आज मोजणीयंत्र घेऊन खदानीत जातात ते किती ब्रास उचललं आणि किती स्वामित्वधन बुडालं हे पाहायला. त्याच फेरीत मातीचा ढीग राखला आहे का, हेही पाहता येईल.

छावणीच्या आसपासच्या काळ्या दगडाच्या खदानीत हे कसं करता येईल, ते सरळ सांगतो. पोकलेन लावायच्या आधी वरची माती काढून एका कडेला, दोन मीटरपेक्षा उंच नाही अशी, रचायची आणि तिच्यावर गवत पेरून ठेवायचं, म्हणजे तिच्यातला जीव टिकेल. सगळ्यात उंच आणि सुरक्षित असा एक कडा, शक्यतो माणसांच्या वाटेपासून दूरचा, शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. त्याच्यावर दोन-तीन टप्पे आणि कपारी मुद्दाम राखायच्या. बाकीच्या बाजू टप्प्याटप्प्यानं उतरत्या करायच्या. खड्ड्यात पाणी साचणारच. त्याची निदान एक बाजू सावकाश उतरती ठेवली, तर बगळ्यांना, बेडकांना, शेळ्यांना पाण्यापर्यंत जाता येईल आणि पोहायला उतरलेल्या पोरालाही बाहेर येता येईल. दर पावसाळ्यात खदानीत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्या खड्ड्यांचे काठ भिंतीसारखे उभे असतात. मुलं वाचवणारा तोच उतार पाणपक्ष्यांनाही जागा देतो. मुरुमाची एखादी उभी दरड वेड्या राघूंसाठी सोडायची. सपाट भागावर राखलेली माती पसरायची, गवत आणायचं, आणि झाडं लावायची ती हिवर, बोर, खैर, पळस, अंजन अशी, विरळ. पाच वर्षं राखण ठेवायची. इको पलटणीसारख्या जाणकारांचा सल्ला घ्यायचा, पण खर्च पट्टेदाराचा.

हे सगळं करायला पट्टा संपायची वाट बघू नये. आता, दिवाळीच्या या दिवसांत, डोंगरावर पवन्या, मारवेल आणि कुसळी पिकून पिवळी झाली आहेत. बी झडायच्या आत, येत्या दोन-तीन आठवड्यांत, ते गोळा करता येतं. गावातल्या बायका विळ्यानं ओंब्या कापून रोजंदारीवर हे काम करू शकतात. बी सावलीत वाळवून सुती पिशव्यांत ठेवायचं. या गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. ती जूनपर्यंत पुरी होते. मृगाच्या पहिल्या पावसात ते राखलेल्या मातीत, शेणखतात कालवून, उताराला आडव्या सऱ्यांत पेरायचं. एक हेक्टरला दहा किलोच्या आसपास बी लागेल. ज्या खदानवाल्याला सुरुवात करायची आहे, त्याला या वर्षीचा हंगाम अजून सापडेल.